क्रॉसबेकची बढती

आसनं फुकट मिळत होती, तिथंच सगळं बिघडलं. विकत घ्यावी लागली असती तर क्रॉसबेक टाऊन फुटबॉल क्लबच्या समितीनं नेहमीप्रमाणे चहा घेतला असता, माना हलवल्या असत्या आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला असता. पण फुकट म्हटलं की भल्याभल्यांचा तोल जातो. त्यात समितीतला डेस्मंड थ्रेलफॉल हा विमा कचेरीत जन्म घालवून निवृत्त झालेला माणूस. फुकट असं जगात काही नसतं, हे त्यानं हजारो लोकांना खुर्चीत बसवून समजावलं होतं. अशा माणसाला फुकटाची बाधा झाली की ती साधी नसते.

त्या जानेवारीत क्रॉसबेकनं कुणालाही विश्वासात न घेता लीगच्या गुणतक्त्यात दुसरा नंबर पटकावला. वर्षानुवर्षं हा संघ मधेच कुठंतरी असायचा. वर जायची हाव नाही, खाली घसरायची भीती नाही. एप्रिल आला की सगळे एकमेकांना ‘बरं गेलं वर्ष’ म्हणत आणि बागकामाला लागत. पण त्या वर्षी कुठूनसा एक लांब ढांगांचा सुतार सेंटर फॉरवर्डला आला आणि त्याला गोल करायची खोडच लागली. पहिल्या दोघांना बढती होती. फक्त वरच्या डिव्हिजनचा नियम असा, की मैदानात छपराखालची अमुक इतकी आसनं पाहिजेत आणि ती मार्च संपायच्या आत पाहिजेत. नसतील तर सगळे सामने जिंका, राहाल तिथंच. क्रॉसबेककडे त्याच्या निम्मीच होती आणि त्यातल्याही काहींवर कबुतरांचा ताबा होता.

समितीच्या अध्यक्षा ऑड्री फोल्ड्स. बाईंनी खाटकाचं दुकान चालवण्यात हयात घालवलेली. बैठकही त्या गल्ल्यामागं उभं राहिल्यासारखीच चालवायच्या.

“आसनांचं कोण बघतंय?” त्यांनी विचारलं.

“मी बघतो,” डेस्मंड म्हणाला.

हे दोन शब्द तोंडातून निघाले तेव्हा त्याला फार बरं वाटलं. निवृत्त झाल्यापासून त्याला कुणी काही बघायला सांगितलंच नव्हतं. घरी बायकोनं, हिलरीनं, त्याला नळाचं वायसरसुद्धा बघू दिलं नव्हतं. तिकडं शहरातल्या एका मोठ्या क्लबनं आपली जुनी गॅलरी पाडायला काढली होती आणि नेईल त्याला आसनं, वर पत्र्याचं छप्परही, अशी जाहिरात दिली होती. डेस्मंडनं त्याच दुपारी फोन केला आणि मग शेजारी गॉर्डनचं दार वाजवलं.

गॉर्डन पिकर्सगिल आणि डेस्मंड यांची घरं भिंतीला भिंत लागून होती. दर शनिवारी दोघं एकत्र निघत, वाटेत मांसाचं सारण भरलेली गरम पाई घेत आणि गोलच्या मागं गवताचं एक टेकाड होतं त्यावर जाऊन उभे राहत. गॉर्डननं आयुष्यभर बस चालवली होती. त्याच्या पाठीनं त्याचा पुरेपूर सूड घेतला होता. “बसून बसून झालं माझं,” तो म्हणायचा. “शनिवारी तरी माणसानं उभं राहावं.” टेकाडाच्या उतारावर एक पाय वर, एक पाय खाली ठेवून उभं राहिलं की त्याची पाठ दुखायची नाही. तिथून तो गोलकीपरला, रेफ्रीला आणि देवाला सारख्याच आवाजात सल्ले द्यायचा.

“आपल्याला वर जायचंय कशाला?” गॉर्डननं दारातच विचारलं.

“म्हणजे काय? बढती आहे ही.”

“मला एकदा बढती दिली होती डेपोत. इन्स्पेक्टर केलं. महिनाभरात परत बस मागून घेतली मी.” मग त्यानं टोपी चढवली. “लॉरी कोण चालवणार आहे तुझी?”

लॉरी अर्थातच गॉर्डननं चालवली. डेस्मंड शेजारी नकाशा घेऊन बसला आणि वाट चुकवत राहिला. पोचले तेव्हा आसनं आवारात रचून ठेवली होती, भक्कम, एकाला एक जोडलेली, आणि पिवळीजर्द.

आता क्रॉसबेकचा रंग काळपट लाल. पिवळा रंग स्केलथ्वेटचा. स्केलथ्वेट म्हणजे बसनं तीन थांबे पलीकडचं गाव. या दोन गावांत सोयरिकी होत होत्या, पण लग्नात पिवळी फुलं कुणी आणायचं नाही असा संकेत होता.

“लाल नाहीत का?” डेस्मंडनं तिथल्या माणसाला विचारलं.

“लाल कालच गेली,” तो म्हणाला. “स्केलथ्वेटवाले घेऊन गेले. फार चिडले होते बिचारे.”

गॉर्डन परतीच्या वाटेवर मधूनमधून हसत होता. इतका, की एकदा लॉरी बाजूला घेऊन त्याला डोळे पुसावे लागले. डेस्मंडला मात्र हसू आलं नाही. पुढं पुष्कळ दिवसांनी त्याला वाटलं, की तेवढं तरी हसून घ्यायला हवं होतं.

आसनं आली, पण ठेवायची कुठं? एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला जुनी गॅलरी, तिसरीकडं चहाची टपरी आणि खेळाडूंच्या खोल्या. उरलं टेकाड. हे ऑड्रीबाईंनी बोट दाखवून सांगितलं, तेव्हा डेस्मंडला गॉर्डनची पाठ आठवली. पण तोवर अख्ख्या गल्लीत तो ‘आसनंवाले थ्रेलफॉल’ झाला होता. पोस्टातली बाई त्याला रांग सोडून विचारायची, “कुठवर आलं?” एवढा मान मिळाल्यावर माणूस दुसऱ्याच्या पाठीचा विचार करत बसत नाही.

टेकाड सपाट करायला परवानगी हवी म्हणून तो नगरपालिकेत गेला. नियोजन खात्यातल्या तरुण अधिकाऱ्यानं नकाशा पसरला आणि बराच वेळ त्यावर नाक टेकवलं.

“इथं टेकाड नाहीये,” तो म्हणाला.

“आहे. मी त्यावर वर्षानुवर्षं उभा राहतोय.”

“असेल. पण नकाशात नाही. जे नाहीच ते हटवायची परवानगी मी कशी देणार?”

“मग न विचारता हटवू का?”

“तसं मी म्हणू शकत नाही. जे आहे ते बिनपरवाना हटवणं गुन्हा आहे.”

डेस्मंडनं आयुष्यभर खिडकीच्या त्या बाजूला बसून लोकांना अशीच उत्तरं दिली होती. या बाजूला बसल्यावर ती किती वेगळी लागतात, हे त्याला प्रथमच कळलं. शेवटी अधिकाऱ्यानं तोड काढली. टेकाडाची नोंद ‘साठलेली माती’ अशी करायची आणि साठलेली माती उचलायला परवानगी लागत नाही. म्हणजे दोन माणसांनी जिथं उभं राहून अर्धं आयुष्य काढलं, ती सरकारदरबारी नुसती साठलेली माती ठरली.

ही माती टाकायची कुठं, यावर गल्लीत जो तो तज्ज्ञ. एक म्हणाला खाणीत टाका, एक म्हणाला गोल्फवाल्यांना द्या, एकीनं तर तिच्या नवऱ्याच्या गाडीवर टाका म्हणून सुचवलं. डेस्मंडनं जाहीर केलं, की ज्यांना बागेसाठी हवी त्यांनी घेऊन जावी. फुकट. झालं. शनिवारी सकाळी अख्खी गल्ली ढकलगाड्या घेऊन हजर. माती काळीभोर होती. हिलरीनं गुलाबाच्या वाफ्यांत दोन गाड्या ओतून घेतल्या आणि लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणाली, “चांगली कल्पना काढलीस हो.”

गॉर्डन कुंपणाला टेकून उभा होता. फावडी चालत होती. टेकाड वितळत चाललं होतं.

“आपण उभं कुठं राहायचं मग?” त्यानं विचारलं. स्वर अगदी साधा होता, उद्या पाऊस आहे का असं विचारावं तसा.

“आता उभं कशाला राहायचं? बसायचं. छपराखाली. साहेबासारखं.”

गॉर्डननं कोट काढून कुंपणावर टाकला, एक फावडं घेतलं आणि माती भरू लागला. मदत करायची तर करायची, असा त्याचा स्वभाव. डेस्मंडला वाटलं, पटलं याला.

आसनं बसली, छप्पर चढलं. पिवळा रंग मात्र डोळ्यांत खुपत होता. डेस्मंडनं काळपट लाल रंगाचे डबे आणले आणि समितीसकट दोन दिवस रंगवलं. दुकानदारानं सांगितलं होतं की या प्लॅस्टिकवर हा रंग धरायला कोरडी हवा लागते. मार्च महिन्यात उत्तर इंग्लंडात कोरडी हवा मागणं म्हणजे काय, हे त्यालाही माहीत असणार. पण त्याला डबे विकायचे होते.

तपासणीला लीगकडून मिस्टर लम्ब आले. उंच, अबोल, अंगात पांढुरका लोकरी कोट. त्यांनी दरवाजे पाहिले, दिवे पाहिले, संडासात जाऊन साखळी ओढली. शेवटी नव्या छपराखाली जाऊन मैदान कसं दिसतं ते बघायला बसले. डेस्मंडनं हात पुढं केला, तोंड उघडलं, पण शब्द फुटायच्या आत मिस्टर लम्ब पाठ टेकून ऐसपैस झाले होते. उठले तेव्हा त्यांच्या पाठीवर एक लाल खुर्ची जशीच्या तशी उमटलेली, पाय सोडून.

ऑड्रीबाईंनी डोळे मिटून घेतले. मिस्टर लम्बनी मान वळवून जमेल तेवढी पाठ पाहिली.

“आसनं आहेत,” ते म्हणाले. “पुरावा मी घेऊन चाललोय.” आणि मंजुरी देऊन टाकली.

एप्रिलच्या शेवटच्या सामन्यात सुतारानं दोन गोल केले आणि क्रॉसबेकची बढती झाली. लोक मैदानात धावले. ऑड्रीबाईंनी डेस्मंडचा गालगुच्चा घेतला. कुणीतरी ओरडलं, “थ्रेलफॉलला उचला रे.” चौघांनी उचललंही, थोडं नेलं आणि खाली ठेवलं, कारण डेस्मंड अंगानं भरलेला होता. तेवढ्या उंचीवरून त्यानं गॉर्डनला शोधलं. गॉर्डन कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ उभा राहून सावकाश टाळ्या वाजवत होता. दोन माणसं त्याच्यापुढं उभी होती, त्यामुळं त्याची फक्त टोपी आणि हात दिसत होते.

त्या उन्हाळ्यात गल्लीतल्या बागांतून एक तण उगवलं. घोड्याच्या शेपटीसारखं, हिरवंगार, चिवट. उपटलं की दुप्पट यायचं. टेकाडाच्या मातीत त्याची मुळं किती पिढ्यांची होती कोण जाणे. डेस्मंड फाटकाबाहेर पडला की कुणी ना कुणी कुंपणावरून ते हलवून दाखवायचं. पोस्टातली बाई आता त्याला रांगेतच उभं करायची. हिलरी गुलाबांत गुडघे टेकून बसायची आणि त्याच्याकडं बघायचीही नाही.

ऑगस्टमध्ये वरच्या डिव्हिजनचा मोसम सुरू झाला. तिथले संघ वेगळेच होते. त्यांचे गोलकीपरसुद्धा सुतारापेक्षा जोरात पळायचे. वरची डिव्हिजन म्हटल्यावर नियमही वरचे. सामन्याला स्वयंसेवक हवेत, अंगात झगझगीत जाकीट हवं. ऑड्रीबाईंनी एक जाकीट डेस्मंडला दिलं. “तुमचीच आसनं,” त्या म्हणाल्या. “तुम्हीच बघा.”

पहिल्या घरच्या सामन्याला लीगचा माणूस आला होता. गॉर्डनही आला, दोघांसाठी पाई घेऊन. पण डेस्मंड ड्यूटीवर होता, त्याला खाता येईना. गॉर्डन एका खुर्चीत बसला, चुळबुळला आणि पाचेक मिनिटांनी कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. मागच्या रांगेतून कुणीतरी बडबडलं. लीगचा माणूस वळून बघू लागला. डेस्मंड पायऱ्या चढून गेला.

“गॉर्डन, बस ना जरा. मागच्यांना दिसत नाहीये.”

गॉर्डननं त्याच्याकडं पाहिलं. आधी जाकिटाकडं, मग तोंडाकडं.

“पाठ धरलीय रे.”

“हो, पण नियम आहे. त्या कोपऱ्यात कठड्याला उभं राहता येईल तुला.”

“तिथं ऊन डोळ्यांवर येतं,” गॉर्डन म्हणाला आणि बसला. त्या सामन्यात त्यानं गोलकीपरला एकही सल्ला दिला नाही. क्रॉसबेक चार गोलनी हरलं. मध्यंतरानंतर डेस्मंडनं पाहिलं तर खुर्ची रिकामी होती आणि शेजारच्या खुर्चीवर डेस्मंडची पाई कागदात गुंडाळून ठेवलेली होती, थंडगार.

पुढच्या शनिवारी गॉर्डन आला नाही. पाठ, डेस्मंडला वाटलं. त्याच्या पुढच्याही शनिवारी नाही. डेस्मंडनं दार वाजवून विचारायचं ठरवलं आणि मग हे संघाचं जरा मार्गी लागू दे, म्हणून टाळलं. संघाचं मार्गी लागलं नाही. क्रॉसबेक असं पद्धतशीर हरत गेलं, की पाहुण्या संघांचे समर्थक जाताना हात हलवून निरोप घ्यायचे. सुताराचा गुडघा गेला. तो परत दारंखिडक्या करू लागला. छपराखाली डेस्मंड जाकीट घालून उभा असायचा आणि बसा म्हणून सांगायला समोर कुणी नसायचं.

नोव्हेंबरात एका शनिवारी संध्याकाळी तो घराचं फाटक लावत होता. स्केलथ्वेटची बस थांबली आणि तीतून गॉर्डन उतरला. गळ्यात पिवळा मफलर.

दोघंही थबकले.

“गॉर्डन.”

“थंडी आहे,” गॉर्डन मफलरला हात लावत म्हणाला. मग त्याला स्वतःलाच ते पटलं नसावं. “त्यांच्याकडं टेकाड आहे रे. गोलच्या मागंच. आसनंही आहेत, पण जागा ऐसपैस, उभ्या माणसाला कुणी काही म्हणत नाही.”

“मला सांगायचंस.”

“काय सांगायचं?”

डेस्मंडनं फाटकाची कडी पुन्हा एकदा लावली. मग गॉर्डननं अगदी आपुलकीनं विचारलं, “तुमचं काय झालं आज?”

“तीन-शून्य,” डेस्मंड म्हणाला. आत जाऊन तो जेवायला बसला. हिलरीनं दोनदा विचारलं तेव्हा कुठं त्याला कळलं, की सॉसेजमध्ये आपण कस्टर्ड कालवतोय.

एप्रिलमध्ये क्रॉसबेक तळाला राहून खाली उतरलं. त्याच आठवड्यात स्केलथ्वेट पहिल्या नंबरानं वर चढलं. जिन्यात दोन भाडेकरू समोरासमोर यावेत, एकाच्या हातात नवं सामान, दुसऱ्याच्या हातात गाठोडं, तसं झालं. खालच्या डिव्हिजनमध्ये एवढी आसनं लागत नव्हती. ऑड्रीबाई बैठकीत म्हणाल्या, “पुढं?” सगळ्यांनी चहा घेतला आणि माना हलवल्या.

डेस्मंड मात्र गप्प बसला नाही. तो पुन्हा नियोजन खात्यात गेला.

“मला एक टेकाड करायचंय.”

तरुण अधिकाऱ्यानं त्याला ओळखलं. “नवं बांधकाम. परवानगी लागेल. उतार, निचरा, कठडा, सगळे आराखडे.”

“पण ते तिथं होतंच.”

“नकाशात नव्हतं,” अधिकारी म्हणाला. त्यालाही वाईट वाटलं असावं, कारण त्यानं बिस्किट पुढं केलं.

तरीही डेस्मंडनं गल्लीत निरोप फिरवला, की कुणाला माती परत द्यायची असेल तर द्यावी. लोक धावत आले. तणासकट, मुळांसकट, वर फुटक्या कुंड्या आणि एक जुनी गादी टाकून त्यांनी गाड्या रिकाम्या केल्या. जमलेला ढीग जेमतेम गुडघाभर झाला आणि पहिल्या पावसात मैदानावर पसरला. टेकाड होतं तेव्हा पाणी त्याच्या कडेनं ओढ्याला जायचं. आता ते गोलपुढं तळं करून बसू लागलं. क्रॉसबेकचे सामने रद्द व्हायला लागले. डेस्मंडच्या नावानं लोक काय बोलत ते त्याच्या कानावर येऊ नये याची काळजी हिलरी घ्यायची आणि नंतर ते स्वतःच सांगून टाकायची.

अशाच एका रद्द झालेल्या शनिवारी गॉर्डन फाटकाशी दिसला, पिवळ्या मफलरात, बसची वाट बघत. डेस्मंडनं कोट घातला आणि बाहेर आला.

“येऊ का मी?”

“ये की,” गॉर्डन म्हणाला.

स्केलथ्वेटचं टेकाड रुंद होतं, गवत तुडवलेलं. गॉर्डन आपल्या जागेवर गेला, एक पाय वर, एक खाली. शेजारी एक ठेंगणी बाई थर्मास घेऊन उभी होती. तिनं गॉर्डनसाठी जागा धरली होती. आता तिनं अजून जराशी केली.

“हा डेस्मंड,” गॉर्डननं ओळख करून दिली. “आमचा शेजारी. क्रॉसबेकचा.”

“अरेरे,” बाई म्हणाली, आजाऱ्याला म्हणावं तसं. “वाईट झालं हो तुमचं.” आणि तिनं आपल्या थर्मासाच्या झाकणात त्याला चहा ओतून दिला.

सामना चांगला झाला. गॉर्डननं गोलकीपरला सल्ले दिले, रेफ्रीला दिले, आणि त्या ठेंगण्या बाईनं त्यात भर घातली. डेस्मंडला एकदोन सल्ले सुचले होते, पण त्याला खेळाडूंची नावं ठाऊक नव्हती. शेवटी शेवटी स्केलथ्वेटनं गोल केला. टेकाड हललं. गॉर्डननं बाईला मिठी मारली आणि मग वळून डेस्मंडच्या खांद्यावर थोपटलं. डेस्मंडनं टाळ्या वाजवल्या, पाहुण्यानं वाजवाव्यात तेवढ्या.

परतीच्या बसमध्ये गॉर्डन उभाच राहिला आणि त्या गोलबद्दल बोलत राहिला. डेस्मंड बसून ऐकत होता. फाटकाशी दोघांनी एकमेकांना गुड नाइट म्हटलं आणि आपापली दारं उघडली.

“कोण जिंकलं?” हिलरीनं स्वयंपाकघरातून विचारलं.

“त्यांचे,” डेस्मंड म्हणाला.

“त्यांचे म्हणजे?”

त्यानं कोट खुंटीला अडकवला. भिंतीपलीकडं गॉर्डन शीळ घालत होता.

“गॉर्डनचे,” तो म्हणाला आणि चहाचं आधण ठेवायला आत गेला.